दिनविशेष : ३१ डिसेंबर

व्यापारी कुटुंबांत वर्ष संपते ते दिवाळीला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला वीर निर्वाण संवताचा आकडा एकाने वाढतो. दख्खनेतील कित्येक पेढ्यांवर हाच मान चैत्र पाडव्याला दिला जातो. सरकारी हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला पुरे होते. या साऱ्यांत ३१ डिसेंबरच्या वाट्याला भिंतीवरची जुनी दिनदर्शिका उतरविण्यापलीकडे फारसे काही येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. बँकांचे हिशेबी वर्ष तेव्हा याच दिवशी संपत असे. खतावणीतल्या प्रत्येक खात्यावर हाताने व्याज आकारायचे, त्या शेकडो खात्यांच्या बाक्यांची बेरीज करायची आणि ती मुख्य खतावणीतल्या आकड्याशी जुळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, असा शिरस्ता होता. लाखोंच्या उलाढालीत सात पैशांचा फरक निघाला, तरी तो शोधण्यात पहाट होत असे. सात पैसे खिशातून घालून मोकळे होण्याची मुभा कोणालाही नव्हती, कारण फरक सात पैशांचा दिसला तरी त्यामागे दोन मोठ्या चुका परस्परांना झाकून बसलेल्या असू शकतात. १९८९ सालापासून बँकांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. त्याच सुमारास प्राप्तिकरासाठीही सर्वांना एकच वर्ष सक्तीचे झाले आणि दिवाळी ते दिवाळी हिशेब दाखविण्याची व्यापाऱ्यांची जुनी सवलत संपली. चोपडीपूजन उरले, पण ताळेबंदाशी त्याचे असलेले नाते तुटले.

हिशेबाच्या वहीतून असा उतरलेला हा दिवस इतिहासाच्या वहीत मात्र भलताच वजनदार आहे. त्यातही नवल असे, की या दिवसाच्या नावे जमा असलेल्या मोठ्या घटना रणांगणावरच्या नाहीत. त्या कागदांच्या आहेत. त्यांपैकी पहिला कागद लंडनचा.

३१ डिसेंबर १६०० या दिवशी इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने काही व्यापाऱ्यांना एक सनद दिली. पूर्वेच्या मसाल्यांचा व्यापार डच लोक आपल्या मुठीत घेत होते आणि मिरीचा भाव त्यांच्या मर्जीवर चालला होता. त्यावर उपाय काढण्यासाठी सप्टेंबर १५९९ मध्ये लंडनचे १०१ आसामी एकत्र आले व त्यांनी आपसांत ३० हजार १३३ पौंडांचे भांडवल लिहून दिले. राणीने मात्र त्यांना तत्काळ होकार दिला नाही. स्पेनशी तहाची बोलणी सुरू होती आणि पूर्वेकडे गलबते धाडून ती बिघडविण्याची तिची इच्छा नव्हती. बोलणी फिसकटली तेव्हा व्यापाऱ्यांचा अर्ज पुढे सरकला. राज्यकर्त्यांच्या सोयीची वेळ येईपर्यंत व्यापाऱ्याने दारात उभे राहायचे, ही रीत कोणत्याही एका देशाची नाही.

सनदेत दोनशेंहून अधिक नावे होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून पूर्वेकडे मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंतच्या व्यापाराचा मक्ता या मंडळींना १५ वर्षांसाठी मिळाला. कंपनीचा पहिला गव्हर्नर सर टॉमस स्मिथ हा मुळात पक्का व्यापारी होता. मुलूख जिंकण्याचा त्या सनदेत कोठेही उल्लेख नाही. तो निव्वळ मुदतीचा व्यापारी परवाना होता, आणि तोही नफा न झाल्यास आधीच रद्द होऊ शकणारा.

येथे कालगणनेची एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. त्या काळी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे आज जगभर वर्षाखेर म्हणून साजरा होणारा ३१ डिसेंबर हा तेथील दप्तरी वर्षाच्या मध्यातला एक दिवस होता. शिवाय इंग्लंडची दिनदर्शिका युरोपच्या बहुतेक भागापेक्षा दहा दिवस मागे चाले, त्यामुळे पॅरिसमध्ये त्या दिवशी १० जानेवारी १६०१ ही तारीख होती. राणी एलिझाबेथचा मृत्यू १६०३ च्या २४ मार्चला, म्हणजे तेथील जुन्या वर्षाच्या नेमक्या शेवटच्या दिवशी झाला. हा घोळ इंग्लंडने १७५२ मध्ये निस्तरला.

कंपनीची पहिली सफर फेब्रुवारी १६०१ मध्ये निघाली. जेम्स लँकेस्टर हा तिचा म्होरक्या होता आणि रेड ड्रॅगन, हेक्टर, असेन्शन व सुसान ही चार गलबते त्याच्याबरोबर होती. गलबतांवर चढविलेला इंग्लिश माल ७ हजार पौंडांच्याही आतला होता, तर चांदीची नाणी २८ हजार पौंडांहून अधिक होती. पूर्वेला विकण्याजोगे आपल्याकडे फारसे काही नाही, हे या मंडळींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. लँकेस्टरने आपल्या गलबतावरच्या खलाशांना रोज लिंबाचा रस पाजला. त्यामुळे रक्तपितीने इतर तीन गलबतांवरचे लोक निकामी झाले, तेव्हा त्याचे लोक कामावर उभे होते. ही सफर हिंदुस्थानात आलीच नाही. ती सुमात्रा व जावा बेटांवरून मिरी घेऊन १६०३ मध्ये परतली. दहा लाख रतलांहून अधिक मिरी एकदम लंडनात उतरल्यावर भाव कोसळला आणि भागीदारांना नफ्याचा वाटा रोखीऐवजी मिरीच्या रूपाने घ्यावा लागला. माल बाजारात यायच्या आधी बाजाराची भूक मोजावी लागते, हा धडा जगातल्या सर्वांत बलाढ्य ठरलेल्या कंपनीलाही पहिल्याच खेपेत मिळाला. सुरुवातीची काही वर्षे कंपनीचा हिशेबही खेपेगणिक वेगळा असे. गलबते परतली की माल विकायचा, मुद्दल व नफा वाटून टाकायचा आणि पुढच्या खेपेसाठी नव्याने वर्गणी गोळा करायची. कायमचे भांडवल ही पुढची गोष्ट.

त्याच चार गलबतांपैकी हेक्टर ऑगस्ट १६०८ मध्ये सुरतेच्या किनाऱ्याला लागले आणि कंपनीची हिंदुस्थानशी गाठ पडली. सुरतेत तिला जी माणसे भेटली, त्यांत जैन समाजाला अभिमानाने आठवावेसे एक नाव आहे, वीरजी वोरा यांचे. मिरी, अफू, कापड, पोवळी आणि सराफी अशा सर्व क्षेत्रांत या श्रेष्ठींचा हात होता. मलबारपासून तांबड्या समुद्रातील बंदरांपर्यंत त्यांचा व्यवहार चाले. १६२५ च्या सुमारास त्यांनी सुरतेत आलेली सारी मिरी खरेदी करून ठेवली. इंग्रजांनी ती दख्खनेत जाऊन घेण्याचा डाव टाकला, तेव्हा त्यांच्या गुमास्त्याने तेथे आधीच चढा भाव देऊन तो उधळून लावला. मिरीसाठी जन्मलेली कंपनी मिरीसाठीच एका देशी व्यापाऱ्याच्या ओटीवर ताटकळत बसली. पुढे चांदीची गलबते वेळेवर न आल्यास इंग्रज कोठीवाले याच वीरजी वोरांकडून व्याजाने पैसे उचलत आणि त्यांच्या पत्रव्यवहारात व्याजाच्या दराविषयीची कुरकुर आढळते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा वोरांच्या वाड्याचीही लूट झाली. सतराव्या शतकात कर्ज कोण देत होते आणि कोण घेत होते, हे ध्यानात ठेवून या दिवसाच्या दुसऱ्या कागदाकडे वळावे.

तो कागद वसईचा. दिवस तोच, ३१ डिसेंबर, साल १८०२. सनद मिळाल्याला त्या दिवशी बरोबर २०२ वर्षे झाली होती.

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात, फार मोठी किंमत मोजून, पोर्तुगीजांकडून जिंकला होता. त्याच ठिकाणी त्याच घराण्याचा दुसरा बाजीराव आश्रिताच्या अवस्थेत येऊन बसला. याला निमित्त यशवंतराव होळकरांशी ओढवून घेतलेले वैर. १८०१ मध्ये पेशव्याने यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याचा वचपा काढण्यासाठी होळकरांची फौज दख्खनेत उतरली आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळच्या लढाईत तिने शिंदे व पेशवे यांच्या सैन्याचा धुव्वा उडविला. बाजीराव सिंहगड, रायगड, महाड करीत सुवर्णदुर्गाला पोचला व तेथून इंग्रजी गलबताने वसईला आला.

या तहाबद्दल बाजीरावाला भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि तसे आजवर पुष्कळांनी म्हटले आहे. कर्ज देण्याघेण्याची सवय असलेल्या वाचकाने मात्र तारखा नीट पाहाव्यात. फौज घेऊन तैनाती तह करा, असा कंपनीचा आग्रह काही वर्षे चालू होता आणि बाजीराव तो टाळत होता. लढाईच्या त्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, त्याच्या कारभाऱ्याने रेसिडेंट कर्नल क्लोजच्या हाती देकार ठेवला. सहा पलटणी ठेवून घेऊ आणि त्यांच्या खर्चासाठी २५ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून देऊ, असा तो होता. वसईच्या करारात हाच आकडा २६ लाख झाला. पैशांचा फरक एका लाखाचा दिसतो. परंतु मधल्या दोन महिन्यांत राजधानी गेली होती, फौज गेली होती आणि ज्याच्याशी घासाघीस करायची त्याच्याच गलबतातून प्रवास झाला होता. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. बाजीरावाला अक्कल होती; घासाघीस करायला पाय रोवण्यापुरती जागा मात्र उरली नव्हती.

कराराच्या कलमांत खरा भार कोठे होता, हेही पाहण्यासारखे आहे. किमान ६ हजार पायदळ कायमचे ठेवून घेणे, त्यासाठी मुलूख देणे, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपीय नोकरांना रजा देणे ही कलमे डोळ्यांत भरतात. पण निजाम व गायकवाड यांच्याकडे पेशव्यांचे जे येणे होते, त्याचा निवाडा यापुढे कंपनी करणार होती. सुरतेवरचा हक्क पेशव्याने सोडून दिला होता. आणि कंपनीला विचारल्यावाचून त्याने कोणाशी लढायचे नव्हते व बोलणीही करायची नव्हती. म्हणजे ज्या सुरतेत वीरजी वोरांच्या पेढीवर कंपनी कर्ज मागत होती, ती सुरत गेली, आणि आपल्या ऋणकोकडून वसुली करण्याचा अधिकारही तिसऱ्याच्या हाती गेला. एखाद्या पेढीने स्वतःचे येणे कोणते व किती, हे सावकाराने ठरवावे असे लिहून दिले, तर त्या पेढीच्या पाटीवरचे नाव कोणाचेही असो, मालकी कोणाची हे सांगावे लागत नाही.

मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या बंदोबस्तात बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. शिंदे व नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. त्याच वर्षी युद्ध पेटले, सप्टेंबरात असईचे रण झाले आणि शिंद्यांना सुर्जी अंजनगाव येथे तह करावा लागला. त्याची तारीख ३० डिसेंबर १८०३. वसईच्या कागदाला वर्ष पुरे व्हायला एक दिवस कमी होता. बाजीरावाने शरणागती दिली ती १८१८ च्या जूनमध्ये. वर्षाला ८ लाखांचे वेतन घेऊन तो ब्रह्मावर्ताला गेला, पण त्याचे राज्य वसईतच लिहून दिले गेले होते.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे, आणि ती याच तारखेला जन्मलेल्या एका माणसाशी जोडलेली आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा जन्म ३१ डिसेंबर १७३८ चा. अमेरिकेत यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये ज्याने हत्यार खाली ठेवले, तोच हा सेनापती. गव्हर्नर जनरल म्हणून आल्यावर त्याने कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार बंद पाडला व त्यांना भरघोस पगार दिले. बंगालमध्ये १७९३ चा कायमधारा लागू केला, तोही त्यानेच. पुढे वसईचा तह घडवून आणणाऱ्या लॉर्ड वेलस्लीच्या युद्धांनी कंपनीचे कर्ज इतके फुगले, की लंडनचे भागधारक धास्तावले. मुलूख वाढत होता, पण त्यांना हवा होता तो लाभांश. तेव्हा वेलस्लीला परत बोलावून खर्चाला लगाम घालण्यासाठी १८०५ मध्ये वृद्ध कॉर्नवॉलिसला दुसऱ्यांदा पाठविण्यात आले. अवघ्या काही आठवड्यांत, ५ ऑक्टोबरला, तो गाझीपूरला वारला. त्याची कबर तेथे आजही आहे. मक्त्याची सनद मिळालेली ही कंपनी शेवटी १८७४ मध्ये विसर्जित झाली.

आणखी काही नोंदी थोडक्यात. मानवी शरीराची चिरफाड करून शारीरशास्त्राचा पाया नव्याने घालणारा व्हेसालियस १५१४ मध्ये याच दिवशी ब्रुसेल्सला जन्मला, आणि रंगांचा बादशहा म्हणावा असा फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस १८६९ मध्ये. एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यांचे पहिले जाहीर प्रदर्शन न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री केले. ते पाहायला लोटणाऱ्या लोकांसाठी रेल्वेने खास गाड्या सोडल्या होत्या. हिंदीतील ‘राग दरबारी’ या कादंबरीचे लेखक श्रीलाल शुक्ल १९२५ चे. स्वतः सरकारी अधिकारी असून सरकारी कारभाराची इतकी निर्दय थट्टा करणारा दुसरा लेखक सापडणे कठीण.

त्यानंतर एका वर्षाने, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, धुळ्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा मृत्यू झाला. वसईच्या तहाला त्या दिवशी १२४ वर्षे झाली होती. जे राज्य तेथे लिहून दिले गेले, त्याचे विखुरलेले कागद गोळा करण्यात या माणसाने जन्म घालविला. त्यांचा जन्म १८६३ चा, गाव कुलाबा जिल्ह्यातील वरसई. पत्नी अकाली वारल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, मिळेल तेथे मुक्काम करायचा आणि गावोगावचे वाडे, देवळे, मठ, कुलकर्ण्यांची दप्तरे धुंडाळायची, असा त्यांचा क्रम होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपतापूर्वीच्या दशकातील पत्रे होती. एकूण २२ खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते त्यांच्या व सरदार मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. बीड जिल्ह्यात पाटांगण येथे मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनी छापून प्रसिद्ध केली. इंग्रजी उत्तम येत असून त्यांनी लिहिले ते मराठीत. स्वभाव कमालीचा तापट, मते टोकाची. त्यांतली कित्येक पुढच्या संशोधकांनी खोडून काढली. कागद मात्र कोणाला खोडता आले नाहीत.

राजवाड्यांच्या झगड्यात प्रतिस्पर्धी कोण होते, याची यादी मनोरंजक आहे. वाळवी होती, पाऊस होता, भाऊबंदकीत वाटणी होईल या भीतीने दप्तर लपवून ठेवणारे वारस होते. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण वाणसौदा बांधायला रद्दी विकत घेणारे दुकानदारही होते. मोडी लिपीतली पत्रे कोणाला वाचता येईनाशी झाल्यावर त्यांचा भाव कागदाच्या वजनाने होऊ लागला. मसाल्याच्या पुड्या त्यांत बांधल्या गेल्या. व्यापारी घरांच्या माळ्यांवर लाल खारव्यात गुंडाळलेल्या जुन्या चोपड्या अजूनही असतात. कोणत्या साली ज्वारीचा भाव काय होता, हुंडणावळ किती पडे, दुष्काळात कोणत्या गावाची बाकी सोडून दिली, हे सारे त्यांत आहे आणि इतरत्र कोठेही नाही. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी त्यांतल्या काही कमी होतात. राजवाड्यांच्या पश्चात धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी मागे ठेवलेली दप्तरे तेथे आली.

या दिवसाचा तिसरा कागद मुदतीचा आहे. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. मोतीलाल नेहरू अध्यक्ष होते. वसाहतीचे स्वराज्य मागावे, असे ज्येष्ठांचे म्हणणे होते, तर जवाहरलाल व सुभाषचंद्र बोस या तरुणांना संपूर्ण स्वातंत्र्याखेरीज काही नको होते. गांधीजींनी मध्यम मार्ग काढला. सरकारला मुदत द्यायची, तेवढ्यात वसाहतीचे स्वराज्य मिळाले तर ठीक, अन्यथा संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी करायची. त्यांनी आधी सुचविलेली मुदत दोन वर्षांची होती. तरुणांनी ती घटवून एका वर्षाची करून घेतली. अशा रीतीने हुंडीवर पक्की तारीख पडली, ३१ डिसेंबर १९२९.

मुदत भरत आली तशी देणेकऱ्याची चुळबुळ सुरू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी वसाहतीचे स्वराज्य हेच आपले अंतिम ध्येय असल्याचे जाहीर केले, पण तारीख सांगितली नाही. २३ डिसेंबरला गांधीजी, मोतीलाल, विठ्ठलभाई पटेल, सप्रू व जीना त्यांना दिल्लीत भेटले. ठोस वचन मागताच ते देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. ‘देऊ’ आणि ‘अमुक दिवशी देऊ’ यांतले अंतर बँकेच्या खिडकीवर बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

लाहोरला रावीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अधिवेशन भरले. अध्यक्षपद मोतीलालांकडून जवाहरलालांकडे, पित्याकडून पुत्राकडे आले. घराण्याच्या गादीवर मुलगा बसणे व्यापाऱ्यांच्या परिचयाचे. काँग्रेसच्या गादीवर ते प्रथमच घडत होते. नवे अध्यक्ष पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवणुकीने शहरात आले. प्रतिनिधी मध्यरात्रीपर्यंत थांबले, कारण मुदतीचा शेवटचा दिवस पुरा भरल्यावाचून हुंडी नाकारली असे म्हणता येत नाही. बाराचा ठोका पडला, पूर्ण स्वराज्याचा ठराव जाहीर झाला आणि तिरंगा वर चढला. १९३० च्या २६ जानेवारीला देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली. वीस वर्षांनी राज्यघटना अमलात आणण्यासाठी तोच दिवस निवडला गेला. लंडनमध्ये याच तारखेला सनद मिळालेल्या कंपनीने बसविलेल्या राजवटीची कायदेशीरता याच तारखेला रावीकाठी अमान्य करण्यात आली, हा योगायोग त्या मंडपातल्या किती जणांच्या ध्यानात आला असेल, कोण जाणे.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक नोंद विदर्भवासी वाचकांसाठी. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रविशंकर शुक्ल १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे त्या राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. दोन महिने होतात न होतात तोच, ३१ डिसेंबरला, शुक्लांचे निधन झाले.

१९९९ चा हा दिवस अनेकांच्या आठवणीत असेल. काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण होऊन आठवडा उलटला होता. तीन अतिरेक्यांना सोडून देऊन कंदाहारहून प्रवाशांची सुटका त्या दिवशी झाली. त्याच दिवशी पनामा कालवा अमेरिकेने पनामाच्या हवाली केला आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन पायउतार झाले. बँकांतून मात्र चर्चा निराळीच होती. संगणकांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवले असल्याने मध्यरात्री ते २००० ला १९०० समजतील, शंभर वर्षांचे व्याज उलटे फिरेल, अशी जगभर धास्ती होती. कित्येक संगणकीकृत शाखांतले कर्मचारी ती रात्र यंत्रांसमोर बसून होते. ज्या शाखांत अजून खतावण्या हाताने लिहिल्या जात, तेथील मंडळी निवांत झोपली. काही घडले नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या कामकाजात पासबुकांवर तारीख बिनचूक उमटली.

त्यानंतर वीस वर्षांनी, ३१ डिसेंबर २०१९ ला, चीनमधील वुहान शहराच्या आरोग्य विभागाने न्यूमोनियाचे २७ रुग्ण आढळल्याचे एक पत्रक काढले. ते त्या दिवशी येथील कोणाच्या वाचनात येण्याचे कारण नव्हते. बारा आठवड्यांनी, २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. इंग्लंडच्या जुन्या पंचांगात नववर्षाचा म्हणून मान असलेली ती तारीख. त्या वर्षी तिच्यावर गुढीपाडवा आला होता. पाडव्याला चोपडीपूजन करणाऱ्या पेढ्यांची शटर्स बंद होती आणि नव्या वह्यांची पूजा घराघरांतल्या देव्हाऱ्यापुढे झाली.